स्टुडिओ रॉ ट्रॅक देत नसेल तर काय करायचं: सोलापूरहून लांबलचक उत्तर

तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. पुण्यात आठ गाणी रेकॉर्ड झाली, पैसे चुकते केले, मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून बनवलेल्या गाण्यात, ढोलकी गायकाच्या डोक्यावर बसलीय, आणि स्टुडिओ फायनल मिक्सची वेव्ह फाइल हातात देऊन म्हणतोय, "रॉ ट्रॅक (प्रत्येक आवाजाचं, वाद्याचं वेगळं मूळ रेकॉर्डिंग) आम्ही देत नाही." आमच्या बँडबरोबर हुबेहूब हेच झालंय. माइक कोणता, इंटरफेस कोणता, क्लिकवर वाजवायचं की नाही, यात मी शिरत नाही. ते तुम्हाला येतं.

आमच्या स्टुडिओचं नाव घेत नाही. खोली उत्तम होती, इंजिनिअर तर गुणी माणूस. सगळं अडलं ते ऑफिसात. शेवटचा हप्ता घेईपर्यंत "तुमचाच डेटा आहे, कधीही घेऊन जा". पैसे पोचले आणि सूर बदलला. आधी इंजिनिअर सुट्टीवर, मग इंजिनिअर सोडून गेला, मग डिस्क मालकांच्या घरी, आणि शेवटी म्हणे आमची तशी पॉलिसीच नाही. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जायचं, त्यांच्या बाकावर बसायचं, संध्याकाळच्या हुतात्मानं रिकाम्या हातानं परत यायचं. फोन तर उचलतच नसत.

बऱ्याच महिन्यांनी एक पेन ड्राइव्ह मिळाला. उघडला तर आत शेकडो तुकडे: "ऑडिओ ०१-१७", "ऑडिओ ०१-१७ कॉपी", "ऑडिओ ०४-०३". कुठला तुकडा कुठल्या गाण्याचा, कुठल्या सेकंदाला सुरू होतो, काही पत्ता नाही. सेशन फाइल (कुठला तुकडा कुठे बसतो याची नोंद ठेवणारी फाइल) नाही, टेम्पो म्हणजे लय लिहिलेली नाही, पेटीचे अर्धे टेक गायब. आमचा ढोलकीवाला हेडफोन लावून रात्र-रात्र तुकडे जुळवत बसायचा. बरीचशी गाणी अशीच वाचवली. एक नाही वाचलं. आपल्या विडी घरकुल वसाहतीतल्या एका आजींनी गायलेलं तेलुगू गाणं होतं, लूमवर काम करताना म्हणायचं. त्यांच्या आवाजाचा मूळ ट्रॅक त्या तुकड्यांत नव्हताच. आजींचा आवाज आता लागत नाही. ते गाणं आमच्याकडे आहे ते स्टुडिओनं दिलेल्या कच्च्या मिक्समध्ये, ढोलकीखाली दबलेलं. याचा राग मला आजही येतो, आणि येऊ दे.

म्हणून पहिलं सांगणं: नुसते "रॉ ट्रॅक द्या" म्हणू नका. मेलवर स्पष्ट लिहा की प्रत्येक गाण्याचा प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत सलग एक फाइल करून हवा, २४ बिटमध्ये, रेकॉर्ड केलं त्याच सॅम्पल रेटला, इफेक्टशिवाय, सोबत टेम्पो. अशा फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर ठेवल्या की आपोआप जुळतात. सेशन फाइल मिळाली तर चांगलंच, पण तिच्यावर विसंबू नका. त्यांचे प्लगइन (इफेक्टची जोड-सॉफ्टवेअरं) तुमच्याकडे नसतील तर ती अर्धवट उघडते. "डेटा खूप आहे" हे कारणही ऐकून घेऊ नका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ-नऊ एमबी होतो. पाच मिनिटांचं गाणं, वीस-पंचवीस ट्रॅक धरले तरी गाण्यामागे एक जीबी. तुमचा अख्खा अल्बम साध्या पेन ड्राइव्हमध्ये मावतो.

आता कायद्याचं. मी वकील नाही, मोठी रक्कम अडकली असेल तर वकिलालाच दाखवा. पण कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. पैसे तुमचे, गाणी तुमची, तारखा तुम्ही ठरवल्या. माझ्या मते निर्माते तुम्हीच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि तुमच्या सहीनिशीच द्यावा लागतो. तुम्ही तशी सही केलेली नाही, असं पोस्टमध्येच लिहिलंय. मेलमध्ये हे दोन्ही मुद्दे नम्र भाषेत घाला, पैसे भरल्याच्या पावत्या जोडा, उत्तरासाठी तारीख द्या. अडचण एकच: हक्क तुमचा असला तरी डिस्क त्यांच्या कपाटात आहे, आणि रॉ फाइलची प्रत द्यायचीच असं कायद्यात थेट लिहिलेलं नाही. म्हणून पुढच्या वेळी बुकिंगच्या मेलमध्येच ही अट टाका आणि रोजच्या शिफ्टनंतर आपल्या डिस्कवर कॉपी घेतल्याशिवाय स्टुडिओ सोडू नका. चांगला इंजिनिअर याला कधी नाही म्हणत नाही. जो म्हणतो, तिथे रेकॉर्डच करू नये.

खाली कुणीतरी सुचवलंय की एआयनं आवाज आणि वाद्यं वेगळी करा. करून बघा, पण विणून झालेली चादर उसवून मूळ धागे मिळत नाहीत. गायक आणि पेटी एकाच पट्टीत असले की पेटी आवाजाला चिकटून येते, वर पाण्यातून आल्यासारखा आवाज. ढोलकी थोडी खाली घ्यायला चालेल, त्यापुढे नाही.

स्टुडिओ हललाच नाही तर ज्या दोन-तीन गाण्यांत गायक खरंच दबलाय तेवढी इथेच सोलापुरात पुन्हा करा. खोली बघताना नुसती शांत वाटते म्हणून घेऊ नका. भिंतीपलीकडे पॉवरलूम असेल तर ती थरथर कानाला नाही, माइकला कळते. एप्रिल-मे टाळा. पंखा बंद करून आपल्या उन्हाळ्यात गायक दोन टेकच्या पुढे टिकत नाही, आणि ढोलकी सारखी उतरते-चढते. मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) मात्र मिक्स करणाऱ्याकडून करून घेऊ नका, नवा कान हवा. आणि आवाज ठासून मोठा करायला सांगू नका. स्पॉटिफाय सगळं सुमारे उणे १४ लफ्सवर (लफ्स म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं, ठासलेलं गाणं तिथे फक्त चपटं ऐकू येतं.

शाहीर राम जोशींची लावणी घ्यायला परवानगी लागेल का, असंही विचारलंय. शब्द पेशवाईतले, ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. पण चाल एखाद्या जुन्या सिनेमातून उचलली असेल तर तिचा हक्क वेगळा, तो तपासा. तुमची स्वतःची चाल असेल तर बिनधास्त.

संक्रांतीला, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) मुहूर्तावर अल्बम आणायचा हट्ट समजतो, मीही सोलापूरचाच. तरी तारीख पुढे ढकला. रॉ ट्रॅक आले तरी मिक्स, मास्टर आणि वितरकाकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या अॅपवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) अपलोड यात वेळ जातो, आणि स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं पाठवायचं तर रिलीजच्या निदान सात दिवस आधी पाठवलेलं बरं. मी तर महिनाभर धरतो. अपलोड करताना तुमच्या अल्बममधल्या तेलुगू आणि कन्नड गाण्यांची भाषा गाण्यागणिक वेगळी भरा, सगळ्यांना मराठी टाकू नका. प्रत्येक गाण्याचा बारा अक्षरी आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. उद्या वितरक बदललात तर तोच जुना कोड द्यायचा, म्हणजे ऐकलेल्यांचा आकडा गाण्यासोबत राहतो.

मेलचा मसुदा झाला की इथेच टाका, स्टुडिओचं नाव काढून. बघून सांगतो.