इंदूरला पहिल्यांदा जाताय?

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला चाललायस ना, मग संध्याकाळचं जेवण हॉटेलात उरकून सराफ्यात जाऊ नकोस. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं. ती बंद झाली की त्यांच्याच समोर खाऊगल्ली भरते. रात्री 9 च्या आधी जाण्यात अर्थ नाही. भुट्टे का कीस, म्हणजे किसलेल्या मक्याचा मसालेदार पदार्थ, दोघांत एकच घ्या, पोटात जागा ठेवा. गराडू थंडीतलाच. कंदाचे तळलेले तुकडे, वर जिरावण मसाला आणि लिंबू; गरम आहे तोवर संपवायचा, गार झाला की मजा गेली.

सकाळी पोहे-जिलबी. आपल्या कांदेपोह्यांशी तुलना करत बसू नकोस, हे गोडसर असतात.

राजवाडा सराफ्याला लागूनच, पायी होतो. एक अख्खा दिवस मात्र महेश्वरला दे. साधारण 90 किलोमीटर, अहिल्याबाईंची राजधानी. नर्मदेच्या घाटावर उन्हं कलल्यावरच उतर.