फ्युजनची वाट बघत सोलर थांबवावं का?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचं घाटतंय. एक सभासद म्हणतात, ‘अमेरिकेत फ्युजनमध्ये (हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याच्या प्रयोगात) घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा निघाली. दहा वर्षांत वीज जवळपास फुकट होईल, आत्ता खर्च कशाला?’ यात कितपत तथ्य आहे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सोलर थांबवू नका. बातमी खरी आहे, पण अर्धीच. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेझरची २.०५ मेगाज्यूल ऊर्जा लक्ष्यावर पडली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. मात्र ते लेझर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढले गेले. महावितरणच्या बिलाच्या भाषेत सांगायचं तर ८३ युनिट जाळून एक युनिटही हाती आलं नाही, आणि आलं ते उष्णतेच्या रूपात. पुढे आकडे सुधारले, तरी हा हिशेब उलटलेला नाही. फ्रान्समध्ये अनेक देश मिळून उभारत असलेल्या ‘इटर’ या प्रायोगिक फ्युजन-भट्टीचं उद्दिष्ट ५० मेगावॉट तापनशक्तीतून ५०० मेगावॉट उष्णता काढण्याचं आहे, पण तिथे वीज बनवायला टर्बाइनच नाही. शिवाय खऱ्या इंधनावरचे, म्हणजे ड्युटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड प्रकारांचे प्रयोग आता २०३९ वर गेलेत.

‘इंधन समुद्राच्या पाण्यातून’ हेही ड्युटेरियमपुरतंच खरं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मंच उरतं, त्यामुळे निसर्गात ते नगण्यच. १००० मेगावॉट फ्युजन-उष्णता वर्षभर अखंड काढायची तर सुमारे ५६ किलो ट्रिटियम जळतं, आणि जगातला व्यापारी साठा आहे पंचवीस-तीस किलोंच्या आसपास. म्हणजे भट्टीनेच ते लिथियमच्या आवरणात तयार करायचं. न्यूट्रॉन लिथियमवर आदळला की ट्रिटियम बनतं, पण प्रत्येक अभिक्रियेतून न्यूट्रॉन मिळतो एकच. त्यातले काही पोलादात शोषले जातात, काही फटींतून निसटतात. ती तूट भरायला शिसं किंवा बेरिलियम घालून न्यूट्रॉन वाढवावे लागतात. पूर्ण आकाराच्या भट्टीत हे अजून कुणीही करून दाखवलेलं नाही.

खर्चाचं खरं मूळ पुढेच आहे. १४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, म्हणजे प्रचंड ऊर्जेचे हे न्यूट्रॉन पोलादातले अणू जागचे हलवतात. धातू फुगतो, ठिसूळ होतो, किरणोत्सारी बनतो. मग आतलं अस्तर रोबोटने बदलायचं, तोवर वीजनिर्मिती बंद आणि कर्जाचं व्याज मात्र चालू. इंधन स्वस्त असून भागत नाही, यंत्रच महाग आहे. संशोधन जोमाने व्हायलाच हवं. पण त्याच्या भरवशावर आजचे निर्णय लांबवणं नुकसानीचं आहे.

तुमच्या गच्चीवर एका किलोवॉटला सावलीविना साधारण १०० चौरस फूट जागा लागेल आणि पुण्यात वर्षाची सरासरी धरता रोज चारेक युनिट मिळतील. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाच्या कॉमन मीटरपासून सुरुवात करा. पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर पडत नाही ना, हे हिवाळ्यातल्या उन्हात तपासा, कारण तेव्हाच ती सर्वांत लांब पडते.

प्रश्न : फ्युजन संशोधनात भारत कुठे आहे?

उत्तर : गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘एसएसटी-१’ हा टोकामॅक, म्हणजे तप्त प्लाझ्मा चुंबकांनी कोंडून ठेवणारं कड्याच्या आकाराचं यंत्र आहे. ‘इटर’चं अवाढव्य क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला बाहेरून वेढणारं निर्वात, थंड पात्र, भारताने दिलं, त्याचे भाग हजिऱ्याला बनले.