‘व्हॅम्पायर्स इन हवाना’ हा ॲनिमेशनपट गल्लीतील गणेशोत्सवात दाखवावा का?

खानापुरातील आपल्या मंडपात लहान मुले बसणार असतील तर दाखवू नये, कारण त्यातील विनोद बराचसा प्रौढांसाठीचा आहे. हुआन पाद्रोन यांच्या १९८५ च्या या क्यूबन चित्रपटात रक्तपिपाशांना उन्हात वावरू देणाऱ्या औषधाचा शोध लागतो आणि ते दडपण्यासाठी शिकागोची टोळी, तर विकण्यासाठी युरोपातील टोळी हवानात येऊन धडकते. मध्ये सापडतो तो आपण कोण आहोत हेच ठाऊक नसलेला ट्रम्पेटवादक पेपितो. शिकागोवाल्यांचा विरोध निव्वळ धंद्यापायी आहे, कारण औषध आले की त्यांचे बंदिस्त, कृत्रिम समुद्रकिनारे ओस पडतील. विडंबनाची खरी धार मला तरी तिथेच दिसते. मोठ्यांसाठी रात्री उशिरा दाखवायचा असल्यास, मूळ संवाद स्पॅनिश असल्याने, उपशीर्षके असलेली प्रत मिळवावी.