वाचकांचे प्रश्न : शालेय मानसशास्त्रातलं संशोधन आणि संघटनेचं बळ

प्रश्न : मी मराठी माध्यमाच्या शाळेत समुपदेशक आहे. तिसरीतल्या मुलांच्या वाचनातल्या अडचणींवर संशोधन करायचं आहे. अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञांची संघटना अशा कामाला मदत करते म्हणतात. पैसे देते का? आणखी काय करते? (सोलापूर)

उत्तर : तिथे अनुदानं आहेत. ‘सोसायटी फॉर द स्टडी ऑफ स्कूल सायकॉलॉजी’ ही संस्था पीएच.डी.च्या प्रबंधांना आणि नव्या संशोधकांना पैसे देते. मात्र पैसा हा मदतीचा लहान भाग आहे. १९६९ साली स्थापन झालेली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल सायकॉलॉजिस्ट्स’ (नॅस्प) दर पाच वर्षांनी आपल्या सभासदांची पाहणी करते : एका मानसशास्त्रज्ञाकडे किती विद्यार्थी, कामाचा वेळ कशात जातो. ५०० विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ हवा, अशी नॅस्पची शिफारस आहे. प्रत्यक्ष स्थिती त्यापासून किती लांब आहे, ते या आकड्यांवरून दाखवता येतं. एकट्या संशोधकाकडे देशभरच्या सभासदांची यादी कुठून येणार? शिवाय १९७२ पासून संघटनेचं स्वतःचं नियतकालिक आहे. त्यातले निबंध तज्ज्ञांच्या तपासणीनंतरच छापले जातात.

तुमच्या विषयाला मात्र संघटनेची गरज वेगळ्याच कारणाने आहे. ‘मुलांना वाचता का येत नाही?’ हा प्रश्न फार पसरट आहे. तो असा नेमका करा : रोज २० मिनिटं, आठ आठवडे जोडाक्षरांचा सराव दिला, तर मूल मिनिटाला जास्त शब्द बिनचूक वाचतं का? सराव मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांतला मध्यम फरक (अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा; प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत त्याचं माप) पकडायला नेहमीच्या हिशोबाने प्रत्येक गटात ६४, म्हणजे एकूण १२८ मुलं लागतात. बहुतेक जण इथेच थांबतात आणि इथेच अभ्यास फसतो.

हा हिशोब प्रत्येक मूल स्वतंत्र आहे असं धरून केलेला असतो. एकाच बाईंकडे शिकणारी मुलं एकमेकांसारखी वाचतात. एकाच वर्गात निम्म्या मुलांना सराव द्यावा, तर तो उरलेल्यांपर्यंतही झिरपतो, म्हणून पूर्ण वर्गच निवडावे लागतात. वर्गात ३० मुलं आणि त्यांच्यातलं साम्य ०.१ (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे पूर्ण) धरलं तर नमुना, म्हणजे लागणाऱ्या मुलांची संख्या, १ + (२९ × ०.१) = ३.९ पट वाढतो : सुमारे ५०० मुलं, १७ वर्ग. दोन गट सारखे हवेत, म्हणून १८ धरा. एका शाळेत तिसरीच्या इतक्या तुकड्या सापडत नाहीत.

एकाच पद्धतीने काम करणाऱ्या अनेक शाळा जोडणं, हे संघटनेचं सगळ्यात मोलाचं काम आहे, असं आमचं ठाम मत आहे. तुमच्या भागातले सात-आठ समुपदेशक एकत्र आले तरी सुरुवात होते. उतारा सगळीकडे तोच, वेळ एक मिनिट, चाचणी त्याच आठवड्यात. ‘चूक’ कशाला म्हणायचं ते आधीच लिहून ठेवा. अडखळून स्वतःच सुधारलेला शब्द बरोबर धरायचा की चूक, यावरच शाळाशाळांत गुण बदलतात. निदान २० टक्के ध्वनिमुद्रणं दोघांनी वेगवेगळी तपासावीत. इंग्रजी चाचणीचं भाषांतर वापरू नका, कारण जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या तिच्यात नसतातच. २०१५ मध्ये आलेली ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची (वाचन-लेखनातल्या अक्षमतेची) चाचणी मराठीतही आहे. तिचा विचार करा.

प्रश्न : मुख्याध्यापकांनी लेखी परवानगी दिली, तर पालकांची संमती वेगळी घ्यायची का? (म्हापसा)

उत्तर : हो, घ्यायलाच हवी. मुख्याध्यापकांची परवानगी फक्त शाळेत काम करण्यापुरती असते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा होकारही लागतो : सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. संमतिपत्र पालकांच्या भाषेत, एका पानाचं असावं, आणि ‘नाही म्हटलं तरी मुलाच्या शिक्षणावर परिणाम होणार नाही’ हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. नैतिकता समितीची (संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातंय ना, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी पहिल्या चाचणीआधी घ्या. ती मागाहून मिळत नाही, आणि तिच्याविना चांगली नियतकालिकं निबंध स्वीकारत नाहीत.