ट्यूबला कोटिंग: जाडी किती?

प्रश्न: बुटीबोरी एमआयडीसीत आमचा शेल-अँड-ट्यूब (मोठ्या नळकांड्यात बारीक ट्यूबचा जुडगा असलेला) ऑइल कूलर आहे. बोअरच्या पाण्यामुळे माइल्ड स्टीलच्या ट्यूबमध्ये क्षार धरतो, गंजही चढतो. आतून इपॉक्सी कोटिंग केल्यास कूलिंग सुधारेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: सुधारेल, पण जाडी सांभाळली तरच. इपॉक्सी-फिनॉलिकची (अशा कोटिंगसाठी वापरायच्या रेझिनची) उष्णतावाहकता साधारण 0.25 वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, क्षाराची 2 च्या आसपास. म्हणजे 50 मायक्रॉनचं कोटिंगच 0.4 मिमी क्षाराइतकी उष्णता अडवतं. 200 मायक्रॉन चढवलंत, तर 1.6 मिमी क्षार स्वतःच्या हाताने लावल्यासारखं होईल! फायदा होतो तो गंज थांबल्याने आणि गुळगुळीत पृष्ठभागाला क्षार घट्ट न चिकटल्याने.

क्रम चुकवू नका. ट्यूब आधी ट्यूबशीटमध्ये (ट्यूबची टोकं धरणाऱ्या भोकांच्या जाड प्लेटमध्ये) एक्स्पांड करा, म्हणजे रोलरने आतून फुगवून घट्ट बसवा; मग ब्लास्टिंग (कणांच्या माऱ्याने सफाई), मग कोटिंग आणि बेकिंग. उलट केलंत तर एक्स्पांडरचे रोलर टोकाचा थर तडकवतात आणि गंज तिथूनच आत शिरतो. काम ताब्यात घेताना हॉलिडे टेस्ट (कोटिंगमधली छिद्रं विजेने शोधणारी चाचणी) करूनच घ्या; टाचणीएवढं छिद्र राहिलं तरी सगळा गंज तिथे एकवटून ट्यूबला भोक पडतं. साफसफाईला नायलॉनचा ब्रश वापरा, तारेचा अजिबात नको. कूलिंग टॉवरचं ब्लोडाउन (क्षार साचलेलं पाणी थोडं थोडं काढून टाकणं) मात्र चालूच ठेवा. पाण्यातले क्षार वाढत गेले की ते कोटिंगवरही बसतात.