बाळ का गेलं? कारण लिहिताना काय पाहायचं

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे १९ लाख बाळं मृत जन्मली आणि आणखी सुमारे २३ लाख बाळं जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत गेली. या मृत्यूंची कारणं कशी ठरवतात, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

३८व्या आठवड्यात माझं बाळ पोटातच गेलं. केसपेपरवर कारण लिहिलंय, 'गळ्याभोवती नाळेचा वेढा'. शेवटच्या महिन्यात मी जिने चढउतार करत होते, ग्रहणात बाहेरही गेले होते. त्यामुळे वेढा बसला का? (सोलापूर)

नाही. जिन्यांमुळेही नाही आणि ग्रहणामुळेही नाही. बाळ पोटात फिरतं तेव्हा वेढा पडतो. आईच्या चालण्या-फिरण्याचा त्याच्याशी संबंध नसतो. घरात कुणी तुम्हाला असं बोललं असेल, तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

आता त्या कागदाबद्दल. सुखरूप जन्मणाऱ्या दर चार-पाच बाळांपैकी एकाच्या मानेभोवती नाळ असते. ती सोडवतात, बाळ रडतं आणि पुढे त्याची कुणाला आठवणही राहत नाही. त्यामुळे नुसता वेढा दिसला म्हणून तेच कारण ठरत नाही. नाळेतला रक्तप्रवाह खरंच थांबला होता, याच्या खुणा नाळेवर आणि वारेत (प्लॅसेंटात) सापडाव्या लागतात. शिवाय दुसरं काही कारण नव्हतं, हेही तपासावं लागतं.

म्हणून मी तुम्हाला दोन गोष्टी विचारते. बाळाचं वजन किती होतं? आणि वार तपासायला पाठवली होती का? ३८ आठवड्यांचं बाळ दोन किलोच्या आतबाहेर असेल, तर बहुधा कित्येक आठवडे वारेतून त्याला पुरेसं पोषण मिळत नव्हतं आणि वेढा हा फक्त डोळ्यांना दिसलेला शेवटचा भाग होता. अमेरिकेत मृत जन्मांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कारण ठरवायला किंवा वगळायला वारेच्या तपासणीचा उपयोग ६५ टक्के प्रकरणांत झाला, तर शवविच्छेदनाचा ४२ टक्क्यांत. वार तपासायला ना कुठे चीर द्यावी लागते, ना बाळाला हात लावावा लागतो. तरीही आपल्याकडे ती बहुतेक वेळा सरळ रुग्णालयाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. वार टिकवायला फॉर्मेलिनची बरणी लेबर रूममध्येच ठेवली, तर हे टळेल. मी हे जिथे जाते तिथे सांगते.

वार गेली असली तरी तुमच्या काही तपासण्या अजून होऊ शकतात: साखर, थायरॉईड, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी), रक्तदाब आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज (यांच्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात). अँटिबॉडीजची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर ती बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सगळं सांगा. 'आधीचं बाळ ३८ आठवड्यांना गेलं, वजन इतकं होतं' या एका वाक्याने तुमच्या सोनोग्राफीचं वेळापत्रक बदलतं.

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. ३८ आठवड्यांची बाई कळा घेऊन आली, बीपी १७०/११०, बाळाचे ठोके मिळाले होते. काही तासांनी बाळ मृत जन्मलं, वजन २६०० ग्रॅम, कातडी नीट होती. रजिस्टरमध्ये 'फ्रेश एसबी (नुकताच झालेला मृत जन्म), हाय बीपी' लिहिलं. एवढं पुरेसं आहे का? फ्रेश लिहिलं की आमच्यावरच बोट येतं.

सिस्टर, पुरेसं नाही. मात्र तुमच्या पत्रात सगळी उत्तरं आहेत, ती रजिस्टरमध्ये उतरली नाहीत एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली प्रसूतीच्या आसपासच्या मृत्यूंसाठी आयसीडी-पीएम ही पद्धत आणली. तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायच्या असतात: बाळ कधी गेलं, बाळाला काय झालं होतं आणि आईला काय होतं. 'कधी'चे तीन भाग आहेत: कळा सुरू होण्याआधी, कळांमध्ये, किंवा जिवंत जन्मल्यानंतर. कळांआधीच्या मृत्यूंच्या कारणांचे सहा गट आहेत, कळांमधल्यांचे सात आणि जन्मानंतरच्यांचे अकरा. आईच्या स्थितीचे पाच, आणि त्यातला पाचवा 'आईला काही आढळलं नाही' असा आहे.

तुमची केस यात बसवून पाहू. दाखल होताना ठोके होते, म्हणजे मृत्यू कळांमध्ये झाला. बाळाला जन्मजात व्यंग नाही, वजन आठवड्यांना साजेसं आहे, जंतुसंसर्गाची खूण नाही. मग कळांमध्ये ऑक्सिजन कमी पडला, म्हणजे गट 'आय-३'. आईला तीव्र उच्च रक्तदाब, म्हणजे 'एम-४'. 'हाय बीपी' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, आजार आईचा होता, रुग्णालय काय करणार? तिन्ही रकाने भरले की दिसतं, की बाळ दारातून जिवंत आत आलं होतं. ठोके दर किती वेळाने ऐकले गेले, बीपीचं औषध कधी दिलं, सीझरची सोय किती लांब होती, हे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

कातडीवर फार विसंबू नका. कातडी सुटायला मृत्यूनंतर काही तास लागतात. त्यामुळे बाई दाखल होण्याच्या थोडंच आधी गेलेलं बाळही 'फ्रेश' दिसतं, आणि कळांमध्ये गेलेलं बाळ बाहेर यायला फार वेळ लागला तर त्याची कातडी सुटलेली असू शकते. खरा पुरावा एकच, दाखल करताना ऐकलेले ठोके आणि त्यांची वेळ. ते ऐका आणि लिहा, रात्री तीन वाजताही.

बोट उचलण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, ते खरं आहे, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. शिक्षेच्या भीतीने 'फ्रेश'चं 'मॅसरेटेड' (कातडी सुटलेलं, म्हणजे आधीच गेलेलं) होतं, आणि मग कागदावर असं चित्र उभं राहतं की बाळं घरीच जातात. जगातल्या मृत जन्मांपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू कळांमध्ये होतात. वेळेवर मिळालेल्या उपचाराने सगळ्यात जास्त वाचू शकतील अशी हीच बाळं. आढावा बैठकीत माणसाचं नाव न घेता घटनाक्रम मांडावा, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिकाही सांगते. तुमच्या वैद्यकीय अधीक्षकांना ती दाखवा.

मी एमडीचा विद्यार्थी आहे. विगल्सवर्थ, रेकोड, कोडॅक, ट्यूलिप... मृत्यूच्या कारणांचे गट पाडायच्या इतक्या पद्धती कशाला?

ही यादी अपुरीच आहे. २००९ ते २०१४ या काळातल्या पद्धती मोजल्या गेल्या, तेव्हा ८१ सापडल्या. ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे चौकट बांधली, म्हणून देशादेशांचे आकडे शेजारी ठेवता येईनात. आयसीडी-पीएम आली ती त्यामुळेच.

चौकट बदलली की उत्तर किती बदलतं, याचं उदाहरण इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समधलं आहे. तिथल्या १९९७ ते २००३ दरम्यानच्या मृत जन्मांपैकी विगल्सवर्थच्या १९८०च्या पद्धतीने ६६ टक्के 'कारण अज्ञात' ठरले होते. २००५ साली तेच मृत्यू रेकोड पद्धतीने पाहिले, तेव्हा अज्ञात उरले १५ टक्के. एकही नवी तपासणी केलेली नव्हती. रेकोडने बाळाची पोटातली खुंटलेली वाढ हा स्वतंत्र गट धरला, म्हणून हे घडलं. इथे थोडी सावधगिरी हवी. खुंटलेली वाढ ही अवस्था आहे. ती का खुंटली, हे त्यातून कळत नाही. तरी माझ्या मते रेकोडचा फायदा मोठा, कारण 'अज्ञात' म्हटलं की सगळे हात झटकतात आणि 'वाढ खुंटली होती' म्हटलं की कुणीतरी विचारतं, आठव्या-नवव्या महिन्यात पोटाचं माप घेतलं होतं का? थीसिससाठी विचारत असाल तर आयसीडी-पीएम घ्या.

आम्ही लेस्टरला राहतो. २५व्या आठवड्यात बाळ मृत जन्मलं, इथे स्टिलबर्थचा दाखला मिळाला. घरचे म्हणतात, भारतात याला गर्भपात म्हणतात.

ब्रिटनमध्ये २४ आठवड्यांपासून नोंद होते आणि भारतात उपजत मृत्यूची (म्हणजे मृत जन्माची) नोंद २८ आठवड्यांपासून. देशांची तुलना करतानाही २८ आठवडेच धरतात. अमेरिकेत बहुतेक राज्यं २० आठवड्यांपासून मोजतात. ही मोजणीसाठी आखलेली रेघ आहे. तुमच्या बाळाला तिथे दाखला मिळाला, नाव मिळालं, ते पूर्णपणे योग्य आहे.

मी आशा आहे. आमच्या पाड्यावर घरी १२ दिवसांचं बाळ गेलं. वजन १८०० ग्रॅम, दोन दिवस अंगावर पीत नव्हतं, गार पडलं होतं, धाप लागली होती. अहवालात 'कमी वजन' लिहायला सांगितलं.

ताई, कमी वजनाची पुष्कळ बाळं जगतात. हे बाळ जन्मल्यावर दहा दिवस जगलं, मग आजारी पडलं. दूध सोडणं, अंग गार पडणं, धाप, ही जंतुसंसर्गाची लक्षणं आहेत. दुसरा आजार दिसत असताना नुसतं 'कमी दिवसांचं' किंवा 'कमी वजन' हे मुख्य कारण धरू नये, असा आयसीडीचाही (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचाही) नियम आहे. म्हणून पहिल्या ओळीत जंतुसंसर्ग, कमी वजन त्याखाली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नेमकं हेच गावागावांत पाहिलं. बाळ सहसा एका दुखण्याने जात नाही, दोन-तीन एकत्र आली की जातं. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून बाळाला ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गावर घरीच उपचार मिळू लागले, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. तुमच्या गृहभेटींचं मूळ तिथलंच आहे. अहवालात 'कमी वजन' एवढंच गेलं, तर दहाव्या दिवशी त्या बाळाला कुणी पाहिलं होतं का, हे कुणी विचारणार नाही.

बाळ जन्मल्यावर दोन मिनिटं श्वास घेत होतं. रुग्णालयाने मृत जन्म लिहिलं. फरक पडतो का? (कोल्हापूर)

पडतो. श्वास, हृदयाचे ठोके, नाळेची धडधड किंवा हातापायांची हालचाल, यातलं एक जरी दिसलं तरी तो जिवंत जन्म, मग दिवस कितीही भरलेले असोत. अशा बाळाच्या जन्माची आणि मृत्यूची वेगवेगळी नोंद होते. नोंदीची मुदत २१ दिवसांची असते, त्यानंतरही विलंबशुल्क भरून ती करता येते. डिस्चार्ज कार्ड आणि बाळाच्या कागदांच्या प्रती मागून घ्या, त्यावर श्वासाचा उल्लेख आहे का ते पाहा, आणि दुरुस्तीचा अर्ज रुग्णालयाकडे लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.