पीतांबर म्हणजे पिवळं आकाश का?

लाडक्या चिऊ,

आरती झाल्यावर विचारलंस ना, की अंबर म्हणजे आकाश तर "लंबोदर पीतांबर" म्हणताना बाप्पाचं आकाश पिवळं कसं, तेव्हा पानं वाढायची होती म्हणून राहून गेलं, आता निवांत लिहिते. प्रश्न मला जाम आवडला.

अंबर शब्दाला दोन अर्थ आहेत, आकाश आणि वस्त्र. पीत म्हणजे पिवळं, पीतांबर म्हणजे पिवळं वस्त्र नेसलेला. पूर्वी पाठशाळेतली मुलं अमरकोश, म्हणजे संस्कृतचा जुना शब्दकोश, तोंडपाठ करायची, त्यात हे तीनच शब्दांत आहे, "अम्बरं व्योम्नि वाससि", व्योम म्हणजे आकाश आणि वासस् म्हणजे कपडा. शब्द पार ऋग्वेदातला, आणि तिथला त्याचा अर्थ कोशात भोवताल, आसपासची जागा असा देतात. मला तरी वाटतं दोन्ही अर्थ तिथूनच आले असणार, कारण आकाश काय नि कपडा काय, दोन्ही आपल्या भोवतीच असतात.

आजोबा पूजेला नेसतात ना ते रेशमी सोवळं, त्यालाही आपण पितांबरच म्हणतो, आणि त्यांचं तर चक्क डाळिंबी रंगाचं आहे, जरीच्या काठाचं! म्हणजे बोलण्यात नाव राहिलं आणि पिवळा रंग गेला. विठोबाच्या आरतीत "कासे पीतांबर" येतं ते पण हेच, कमरेला नेसलेलं.

सगळ्यात सुंदर शब्द मात्र दिगंबर. दिक् म्हणजे दिशा, दिशा हेच ज्याचं वस्त्र तो दिगंबर. नरसोबाच्या वाडीला "दिगंबरा दिगंबरा" चालू होतं तेव्हा दत्तगुरूंना हीच हाक मारतात. जैनांमधले दिगंबर आणि श्वेतांबर पण असेच, श्वेतांबर साधू पांढरी वस्त्रं वापरतात आणि दिगंबर मुनी वस्त्रच घालत नाहीत.

फक्त इतिहासातला मलिक अंबर यात घेऊ नकोस हं, तो अंबर अरबीतून आलाय, सुगंधी द्रव्याचं नाव आहे ते.

आणि आजी फोनवर "आभाळ आलंय" म्हणते ते आभाळ अभ्रावरून आलं, अभ्र म्हणजे ढग, म्हणून आपल्याकडे आभाळ येतं, भरतं, फाटतं सुद्धा! अंबर कधी येत नाही, बघ बोलून, कसंतरीच वाटतं.

आता नीलांबर तू फोडून दाखव, आणि खग म्हणजे पक्षी का ते रविवारी सांगते.

तुझी,
आई